व्ही-क्रॉसला मोठे टायर: नऊ महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

माझ्याकडे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर पिकअप आहे. मी कोथरूडला राहतो. आठवड्याचे पाच दिवस गाडी शहरात चालते आणि दर पंधरा दिवसांनी वेल्ह्याच्या पुढच्या शेतावर जाते, जिथला शेवटचा अडीच किलोमीटरचा पट्टा पावसाळ्यात रस्ता म्हणण्याजोगा उरत नाही. तिथल्या चिखलात मूळचे टायर दोनदा जागच्या जागी फिरत राहिले, म्हणून गेल्या मे महिन्यात मी मोठे एटी (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर बसवले. टायरच्या ब्रँडचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वळताना टायर आत घासण्याचा मला झालेला त्रास ब्रँडमुळे नव्हता. तो ज्यामुळे झाला, त्याबद्दल मात्र दुकानात कोणी अवाक्षरही काढले नव्हते.

माझ्या गाडीचे मूळ माप २५५/६० आर १८ आहे. म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, अर्थात १५३ मिमी, आणि रिम १८ इंचांची; एकूण व्यास सुमारे ७६३ मिमी. मी निवडलेले माप २६५/७० आर १७ हे होते, ज्याचा व्यास सुमारे ८०३ मिमी भरतो. रिम एका इंचाने लहान होऊनही टायर ४० मिमीने उंच झाला, आणि भिंत १५३ वरून साधारण १८५ मिमी झाली. दगडधोंड्यांच्या वाटेवर हवा कमी करून चालवायची असेल, तर ही जाड भिंतच खरी उपयोगाची असते. गाडी मात्र ४० नव्हे, २० मिमीनेच उचलली जाते, कारण व्यासातली निम्मी वाढ आसाच्या वर जाते. हीच वरची आणि पुढची-मागची निम्मी वाढ पुढे लायनरला, म्हणजे चाकाभोवतीच्या प्लास्टिकच्या अस्तराला, जाऊन भिडते.

१७ इंची रिम नव्याने घ्यावी लागली. दुकानदाराने सहा बोल्टचे १३९.७ मिमीचे पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळते, एवढे पाहून आठ इंच रुंदीची, शून्य ऑफसेटची रिम दिली, आणि ती दिसायला खरोखर रुबाबदार होती. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर. कंपनीच्या रिमचा ऑफसेट अधिक (+) ३० मिमीच्या वर आहे. तिथून थेट शून्यावर आल्याने संपूर्ण टायर तीन सेंटिमीटरहून अधिक बाहेर सरकला. स्टिअरिंग वळवताना चाक स्वतःभोवती फिरत नाही. ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती फिरते. टायर त्या रेषेपासून जितका दूर, तितकी त्याच्या कडेने आखलेली कमान मोठी. सरळ उभ्या गाडीत बोटभर मोकळी जागा दिसते, ती पूर्ण वळणावर नाहीशी होते, याचे कारण हे आहे.

पहिला आवाज डोंगरात नव्हे, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. खांबाला वळसा घालून गाडी मागे घेताना, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे असताना, जाड पुठ्ठा फाटावा तसा आवाज झाला. दोनच दिवसांनी सिंहगड घाटातल्या एका वळणावर, चार माणसे बसलेली असताना, तोच आवाज चालत्या गाडीतून आला, आणि तेव्हा मात्र हे पार्किंगपुरते नाही हे कळून चुकले.

पुढच्या रविवारी मी आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर खडूची पूड ओलसर करून फासली, एक पुढचे चाक दगडी कट्ट्याच्या कडेवर चढवले, म्हणजे त्या बाजूचे सस्पेन्शन दाबले गेले, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले. मग हेच दुसऱ्या चाकाला. खडू तीन ठिकाणी पुसला गेला: चाकाच्या मागच्या बाजूला लायनरच्या खालच्या तिहाई भागात, तिथेच खाली मडफ्लॅपच्या कडेवर, आणि पुढे बंपरच्या आतल्या कोपऱ्यात. गाडी सपाट जमिनीवर उभी करून घेतलेली मापे यातले एकही ठिकाण दाखवत नाहीत. ज्यांना टायर घ्यायचे आहेत, त्यांनी ही तपासणी खरेदीच्या आधी मूळ टायरवरच करावी: सस्पेन्शन दाबलेले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना लायनरपर्यंतचे सर्वांत कमी अंतर मोजावे आणि त्यातून त्रिज्येतली वाढ वजा करावी. ऑफसेट बदलणार असेल तर हे गणितही अपुरे पडते, त्यासाठी शक्यतो नवे चाक एकदा बसवूनच पाहावे.

डेंटिंगवाल्या मिस्त्रींनी लगेच तोडगा सांगितला, “साहेब, घासतंय तेवढं कापून टाकतो, अर्ध्या तासाचं काम आहे.” मी नकार दिला. लायनर ही शोभेची वस्तू नाही. तिच्यामागचे वायरिंग आणि पत्र्याचे सांधे चिखलापासून तीच वाचवते, आणि मी टायर घेतले तेच मुळी चिखलासाठी. दुसरा सल्ला दोन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी उंचावणारे सस्पेन्शन, बसवण्याचा होता, आणि तो देणारे लोक पुष्कळ भेटतात. लिफ्टने गाडी उभी असताना उंच दिसते, परंतु बंपस्टॉप (सस्पेन्शन किती दाबले जाईल याची हद्द ठरवणारा ठोकळा) तोच ठेवला तर खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबले गेल्यावर चाक जवळपास तिथेच पोहोचते जिथे ते लिफ्टशिवाय पोहोचत होते. शिवाय माझ्याकडे घासणे पुढे-मागे होते, वर नव्हे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांचा कोन विनाकारण वाढवून ते सुटले नसते.

मी आधी रिम बदलली. वापरलेल्या रिम परत घेताना दुकानदाराने चांगलीच घट धरली. त्या रकमेचे दुःख अजून आहे. नवी रिमही आठ इंचीच, पण अधिक २० ऑफसेटची. तिने टायर दोन सेंटिमीटर आत आला, फेंडरच्या बाहेर डोकावणारी कड झाकली गेली, आणि पुढच्या बंपरचे घासणे पूर्ण थांबले. आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपासून टायरचे अंतर पुरेसे राहते का, हे मी पाहून घेतले. इथे अति आत जाणेही तितकेच घातक असते.

उरले मागचे दोन बिंदू. लायनरचा तो भाग हीट गनने मऊ करून लाकडी ठोकळ्याने मागे दाबला आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मडफ्लॅप काढून न टाकता एक भोक मागे सरकवून बसवला. सर्वांत जास्त फरक मात्र ज्या कामाला सर्वांत कमी पैसे लागले त्याने पडला, आणि ते म्हणजे अलाइनमेंट. या गाडीला पुढे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मचे सस्पेन्शन आहे. मशीनवरच्या मुलाला मी कास्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा मागे कललेला कोन, मर्यादेच्या आत राहून वाढवायला सांगितले. कास्टर वाढवल्याने खालचा आर्म थोडा पुढे येतो आणि चाक काही मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे नेमके मागच्या लायनरपासून दूर. दोन्ही बाजूंचा कास्टर सारखा ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर शहरात आवाज आलेला नाही.

टायरबद्दल थोडक्यात. चिखलात आणि सुट्या मुरुमावर फरक पहिल्या दिवशीच जाणवला. पूर्ण पावसाळ्यात शेतावर जाताना एकदाही गाडी अडकली नाही. ओल्या डांबरावर, विशेषतः ताम्हिणीच्या उतारांवर, पकड मूळ टायरइतकी नाही आणि ब्रेक जरा लवकर लावावा लागतो. घरच्या वजनकाट्यावर प्रत्येक नवे चाक साडेपाच किलोने जड भरले. घुमणारा आवाज साठच्या पुढे ऐकू येतो. सौभाग्यवतींच्या मते तो चाळीसपासूनच येतो.

मायलेजबाबत एक सावधानता सांगावीशी वाटते. परीघ पाच टक्क्यांनी वाढल्याने ओडोमीटर कमी अंतर मोजतो. मोबाइलच्या नकाशावर १०० किमी झाले तेव्हा माझ्या गाडीने ९६ दाखवले. टाकी भरून काढलेला आकडा लिटरला १०.९ किमी येत होता, पण दुरुस्त केल्यावर तो ११.४ च्या आसपास गेला. पूर्वी तो १२.६ होता. घट खरी आहे, पण आधी वाटली तेवढी नाही. वेग मात्र काट्यापेक्षा जास्त असू शकतो, हे द्रुतगती मार्गावर लक्षात ठेवावे.

पाचवे चाक लोक विसरतात. मागच्या हौद्याखाली ८०३ मिमीचा टायर मावतो, पण घट्ट. मावला नाही म्हणून जुना लहान टायर स्टेपनी ठेवल्यास, त्याच्यासह फोर-व्हील मोडमध्ये गाडी चालवणे म्हणजे गिअरवर नाहक ताण आहे. मी पाचही सारखे घेतले.

कायद्याची बाजू मी टायर घेतल्यानंतर वाचली, हे कबूल करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. व्यासातला बदल तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असे जाणकार सांगतात; माझा पाचच्या वर आहे. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवले आहे, त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. आज पुन्हा घ्यायचे झाले तर मी मूळ रिमवरच २६५/६० आर १८ घेईन. हे फॉर्च्युनरच्या १८ इंची रिमचे माप असल्याने पुण्यात सहज मिळते, व्यास १२ मिमीनेच वाढतो, आणि नव्या रिमचा खर्च वाचतो. माझ्या चिखलाला तेवढे बहुधा पुरले असते.

गेल्या महिन्यात वरंधा घाटातून येताना मागे सिमेंटच्या सहा गोण्या होत्या. घरी आल्यावर डाव्या लायनरवर, खालच्या क्लिपजवळ, बोटभर लांबीची नवी चकचकीत रेघ दिसली. ती क्लिप उलटी बसवून डोके आत घ्यायचे आहे. पुढच्या अलाइनमेंटच्या वेळी तेवढे करून घेईन.