तिकीट काढून गेलो, मैदान रिकामं होतं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात मी खंजिरी वाजवतो. तुकडोजी महाराजांची भजनं ऐकत वाढलेलं गाव, त्यामुळं गाणं म्हटलं की माणसं दिवसभराचा थकवा विसरून निघतात. नेमका त्याचाच फायदा कुणीतरी घेतला. माझ्याबरोबर आणखी 13 जण फसले, आणि त्यांचे पैसे माझ्या हातून गेले म्हणून हे लिहितोय.

आमच्या भागात एक गायक आहे. गाणी स्वतः लिहितो, चालीही स्वतःच लावतो, आणि गातो आमच्या वऱ्हाडीत. सालदाराच्या हिशेबाचं त्याचं गाणं ऐकताना म्हातारी माणसं डोळे पुसतात, वेचणीचं गाणं तर बाया कापूस वेचताना म्हणतात. त्याचं नाव मी लिहिणार नाही. या प्रकरणात त्याचा काही दोष नाही, आणि हे नाव पुन्हा फसवणुकीच्या गोष्टीला चिकटायला नको.

व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं. त्याचा फोटो, दारव्ह्यातल्या एका शाळेचं मैदान, ‘रात्री 9 ते पहाटेपर्यंत’, तिकीट 150 रुपये, खाली मोबाईल नंबर. मी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की विचारू नका. आमच्या मंडळाची विचारपूस केली, ‘दादा, तुमची खंजिरी पण आणा, स्टेजवर बसवतो’ म्हणाला. मग म्हणाला, ‘जागा थोड्याच उरल्यात, आजच टाका.’ मी 14 जणांचे 2100 रुपये गोळा केले. त्यात शेजारच्या आजींनी वेचणीच्या मजुरीतले 150 दिले होते.

क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर कुठल्या मंडळाचं नाव आलं नाही, कुण्या अनोळखी बाईचं आलं. मी तेवढ्यापुरता थांबलो आणि त्याला विचारलं. ‘वहिनीचं खातं आहे, मंडळाचं अजून निघायचं आहे.’ तिथंच थांबायला हवं होतं. पैसे टाकले. मोबाईलवर 14 तिकिटं आली, रंगीत, छान. सगळ्यांवर नंबर एकच होता, हे मला नंतर दिसलं.

आमची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून रात्रीचं जाणं-येणं म्हणजे गाडी ठरवूनच. काळी-पिवळी केली, आजींना पुढं बसवलं आणि साडेआठला पोचलो. मैदानात अंधार. मंडप नाही, वायरचा तुकडासुद्धा नाही. फाटकाशी चौकीदार शेकोटी करून बसला होता. ‘इथं कायचा प्रोग्राम बाप्पा? सकाळपासून मीच हाओ इथं. मले तं कोनं काई सांगतलं नाई.’ हळूहळू आणखी गाड्या आल्या. लहान पोरं, शालीत गुंडाळलेल्या म्हाताऱ्या. सगळे मोबाईल उघडून एकमेकांना तेच तिकीट दाखवत होते. आजींनी मला विचारलं, ‘येईन ना रे बाबू तो?’ काय सांगू? माझ्या मांडीवर खंजिरी होती आणि मला तिला हात लावावासा वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोन आला. कार्यक्रम रद्द झाला, माफ करा, पैसे परत करतो, पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका. लोकांचे पैसे लवकर फेडायची मला घाई, म्हणून पिन टाकला. आणखी 2100 गेले. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे माझ्या पुतणीला ठाऊक होतं, मी तिला विचारलं नाही.

तिनंच मग 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावून दिला. तिथं व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात, म्हणून ते मेसेज पुसू नका. पहिल्याच रात्री फोन केला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडवायला वाव होता. आम्ही दीड दिवस लाजेत घालवला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली, ठाण्यात जाऊन लेखी दिली.

ठाण्यात जे कळलं ते आधी एका फोनवर कळलं असतं. अशा तिकिटाच्या कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते, आणि तसा अर्जच तिथं नव्हता. पोस्टरवरची वेळही खोटी ठरणारी होती. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 नंतर बंद, हा 2000 सालचा नियम. सवलत मिळाली तरी 12 पर्यंत, तीही वर्षातले मोजके दिवस. पहाटेपर्यंत कोण गाऊ देणार होतं?

गायकाचा नंबर शेवटी त्याच्या गावातून मिळवला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘दादा, मी तं तिकीट लावतच नाई.’ त्याला असे फोन आठ दिवसांपासून येत होते.

बाकी 13 जणांचे 1950 मी सोयाबीनच्या पैशातून परत केले. तक्रारीचं अजून काही कळलेलं नाही. पण परवा तेच पोस्टर पुसदच्या एका ग्रुपवर दिसलं. मैदान वेगळं, तारीख पुढची, क्यूआर कोड नवा. फोटो मात्र तोच.