सेकेल नासपती : सात हंगामांनंतरचा अनुभव

मार्च २०१८ मध्ये न्यू जर्सीतील आमच्या परसात मी सेकेल आणि बार्टलेट अशी नासपतीची दोन कलमे लावली. पहिल्या पाच वर्षांत सेकेलची जेमतेम सोळा फळे हाती आली. त्याचे कारण रोग, थंडी किंवा माझी हयगय हे नसून, रोपवाटिकेने ‘परागीभवनासाठी योग्य जोडी’ म्हणून ७८ डॉलरना विकलेली ती जोडीच होती, हे सर्वांत आधी नोंदवतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दोन्ही झाडे एकाच आठवड्यात फुलली आणि सेकेलला सात फळे धरली. पुढच्या वर्षी बहर दुपटीने आला, फळे मात्र नऊच. आधी मी मधमाश्यांना दोष दिला, कारण नासपतीच्या फुलांतील मधुरसात साखर कमी असल्याने त्या दुसऱ्या फुलांकडे लवकर वळतात. परंतु त्या वर्षी चार दिवस सकाळी शिडीवर चढून मी बार्टलेटचे पराग मऊ कुंचल्याने सेकेलच्या फुलांना स्वतः लावले होते, आणि नेमकी तीच फुले सर्वांत आधी गळली.

वाचन केल्यावर उलगडा झाला. फुलाला स्वतःचे पराग ओळखून नाकारायला लावणारी जी जनुके नासपतीत असतात, ती या दोन्ही जातींत सारखीच आहेत. त्यामुळे सेकेलच्या दृष्टीने बार्टलेटचे पराग म्हणजे जवळजवळ स्वतःचेच पराग होत. बार्टलेट इंग्लंडमधील, तर सेकेल अठराव्या शतकात फिलाडेल्फियाजवळ आपोआप उगवलेली, तरीही असे व्हावे याचे मला आजही आश्चर्य वाटते. ही माहिती नवी नाही. फळझाडांवरील साध्या पुस्तिकांतही ‘सेकेल आणि बार्टलेट एकमेकांना चालत नाहीत’ असे स्पष्ट छापलेले असते. रोपवाटिकेला तीन पत्रे लिहिल्यावर उत्तर आले की दोन्ही जातींचा फुलोरा एका वेळी येतो आणि हमी केवळ एका वर्षात झाड मेल्यास लागू होते. पैशांपेक्षा गेलेल्या वर्षांचा मला अधिक राग आहे, कारण ती कोणीही परत देऊ शकत नाही.

सेकेलला चालतील असे पराग दुसऱ्या जातीकडून हवे होते, पण तिसरे झाड विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजाऱ्यांच्या बॉस्क नासपतीच्या काड्या आणून ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला सेकेलच्याच एका वरच्या फांदीवर पाचर कलम बांधले. कलम फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून तोवर पराग मिळावेत यासाठी त्याच वसंतात बॉस्कच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवल्या. त्या सप्टेंबरमध्ये मी १४२ फळे मोजली.

तोपर्यंत या झाडाविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते; वाढ संथ आणि फळ लिंबाएवढे. आता ते मत मी पूर्णपणे बदलले आहे. तपकिरी-हिरव्या सालीवर लालसर झाक असलेले हे फळ इतके गोड आणि मसालेदार वासाचे असते की बाजारातील मोठी नासपती त्यापुढे पाणचट लागते. बहुतेक युरोपीय जाती झाडावर पिकू दिल्या तर आतून तपकिरी होतात. सेकेल मात्र झाडावरही चांगली पिकते. घोस दाट येत असल्याने जूनमध्ये विरळणी करावीच लागते, नाहीतर आधीच लहान असलेले फळ आणखी बारीक राहते. सालीसकट अख्खी फळे लवंग-दालचिनीच्या पाकात शिजवली तरी त्यांचा आकार मोडत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये फायर ब्लाइट हा जिवाणूंमुळे होणारा रोग आला. बार्टलेटचे शेंडे जळाल्यासारखे काळे पडून वाकले. प्रत्येक छाटणीनंतर कात्री अल्कोहोलने पुसत, रोगट भागाच्या फूटभर खालून कापूनही ते झाड वाचले नाही. सहा पावलांवरच्या सेकेलची केवळ दोन टोके गेली. नत्रयुक्त खत जास्त दिले की कोवळी फूट वाढते आणि हा रोग तिथेच शिरतो, म्हणून मी आता फक्त कंपोस्ट घालतो.

या वर्षी कलमाची फांदी प्रथमच फुलली आणि बादली ठेवावी लागली नाही. सेकेल अवश्य लावावी. सोबत बॉस्क किंवा अंजू जातीची नासपती घ्यावी, आणि विक्रेत्याने बार्टलेट पुढे केल्यास ती परत करावी.