‘नॉइज कॅन्सलेशन’ सांगून माथी मारलेले ईएनसी इयरबड

कल्याण ते सीएसएमटी रोज लोकलने जाणाऱ्याला बेस-बिस नंतर, आधी डब्यातली घरघर कमी व्हायला हवी असते. स्टेशनजवळच्या एका दुकानात मी नेमकं तेच सांगून इयरबड मागितले. दुकानदाराने खोका काढला, २,४०० रुपये सांगितले आणि ठळक छापलेल्या ‘नॉइज कॅन्सलेशन’वर बोट ठेवलं. त्याच्या आधी बारीक टायपात ‘ईएनसी’ होतं. विचारलं तर म्हणाला, “एएनसीच्या पुढचं व्हर्जन आहे साहेब.”

हे धादांत खोटं होतं. एएनसीमध्ये, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनमध्ये, इयरबड माइकने बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याच्या उलट लहरी तयार करून तुमच्या कानात सोडतो, म्हणून घरघर कमी ऐकू येते. ईएनसीचा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशनचा, तुमच्या कानाशी संबंधच नाही. तुम्ही फोनवर बोलताना आजूबाजूचा गोंगाट गाळून तुमचा आवाज पलीकडच्याला नीट ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. म्हणजे पैसे मी मोजायचे आणि शांतता समोरच्याला!

दुकानातली ट्रायल मात्र झकास झाली. त्याने रबरी टिप घट्ट बसवून दिल्या, ढोल-ताशाचं गाणं मोठ्या आवाजात लावलं आणि विचारलं, “रस्ता ऐकू येतोय का?” कसा येणार? कान बुजवून वर गाणं वाजवलं की शंभर रुपयांच्या वायरवाल्या इयरफोननेही रस्ता गायब होतो. गाडीत बसून गाणं थांबवलं तेव्हा डबा होता तसाच खडखडत होता. ॲपमध्ये कॅन्सलेशन चालू-बंद करायचं बटणच नव्हतं.

परत घेऊन गेलो तर सूर बदललेला. “कानात घातलेला माल परत होत नाही.” हातात होती कच्ची पावती, त्यावर फक्त ‘ब्लूटूथ’ आणि रक्कम. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. मोठा उपकारच.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणंही तसंच. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस दिली. नोटीस मिळाल्यावर तो ‘दुसरा पीस घेऊन जा’वर आला. दुसरा पीसही ईएनसीच, तेव्हा नको म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

तुम्ही घ्यायला गेलात तर गाणं लावूच देऊ नका. इयरबड कानात घालून पंख्याखाली किंवा एसीजवळ उभे राहा आणि एएनसी चालू-बंद करून बघा. खरं असेल तर बटण दाबताक्षणी घूं-घूं खाली बसते. माणसांची बोलणी मात्र बऱ्यापैकी ऐकू येत राहतात, कारण एएनसीची ताकद सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालते. त्यामुळे ‘पिन पडली तरी ऐकू येणार नाही’ म्हणणाऱ्यावरही विश्वास नको. खोक्यावर ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द शोधा. ‘क्वाड माइक’, ‘क्लिअर कॉलिंग’ वगैरे दिसलं तर ते बहुतेकदा फोनवरच्या बोलण्याबद्दल असतं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) चिन्हाखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. आणि पैसे देण्याआधी बिलावर मॉडेलचं नाव आणि ‘एएनसी’ ही तीन अक्षरं दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. जो लिहायला काचकूच करेल, त्याच्याकडून घेऊ नका.