जिनोमिक-टिप २०/जी: स्तंभ उत्तम, पण पेशींची छापील कृती वापरू नका

रसायनाने केंद्रकातल्या डीएनएला किती इजा केली आणि मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएला किती, हे मोजायचं तर दोन्ही एकाच नमुन्यातून, न तुटता हाती यायला हवेत. कियाजेन कंपनीचा जिनोमिक-टिप २०/जी हा डीएनए शुद्ध करणारा स्तंभ ते काम चोख करतो. साध्या सिलिका स्तंभात डीएनएचे २०-३० हजार बेसजोड्यांचे तुकडे पडतात, फेनॉलमुळे त्याचं ऑक्सिडेशन होतं, आणि दोन्हींचा दोष तपासल्या जाणाऱ्या रसायनाच्या माथी लागतो.

मोठा धोका स्तंभासोबतच्या पुस्तिकेतच आहे. संवर्धित पेशींच्या कृतीत सी१ बफरने पेशी फोडून केंद्रकं खाली बसवतात आणि वरचं द्रव टाकून देतात. मायटोकॉन्ड्रिया त्याच द्रवात असतात! म्हणून पेशींसाठीही ऊतींची कृती धरावी: ५० लाखांपर्यंत पेशी, आरएनएज (आरएनए तोडणारं विकर) घातलेलं जी२ बफर २ मिली, २० मिग्रॅ/मिली प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) ०.१ मिली, ५० अंशांवर दोन तास. द्रव नितळ झाल्याशिवाय स्तंभावर ओतू नये. गढूळ असेल तर स्तंभ तुंबतो.

पुढे स्तंभ तयार करायला क्यूबीटी बफर १ मिली, मग नमुना, धुवायला क्यूसी बफर १ मिली तीनदा, डीएनए सोडवायला क्यूएफ बफर १ मिली दोनदा. सगळं थेंबाथेंबाने उतरतं, वेळ लागतोच. मग डीएनए खाली बसवायला आयसोप्रोपेनॉल १.४ मिली, खोलीच्या तापमानाचं. गार घेतलं तर क्षारही खाली बसतात. डीएनएची गोळी जवळजवळ पारदर्शक असते आणि ७० टक्के इथेनॉल ओतताना निसटते. सेंट्रिफ्यूजमध्ये नळीची कुठली बाजू बाहेर होती, तिथे आधीच मार्करने खूण करावी. गोळी कडकडीत वाळवली तर विरघळत नाही.

एवढा खटाटोप का? मायटोकॉन्ड्रियात न्यूक्लिओटाइड एक्सिजन दुरुस्ती (डीएनएचा बिघडलेला भाग कापून काढणारी) नसते, त्यामुळे अफ्लाटॉक्सिन बी१ (बुरशीचं विष) किंवा बेन्झोपायरीनचे (धुरातलं रसायन) डीएनएला चिकटलेले मोठे रेणू तिथून त्या मार्गाने निघत नाहीत. उंदराच्या यकृतात अफ्लाटॉक्सिन मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएला जास्त चिकटतं, हे नारायण अवधानी यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं. पण यकृताच्या कर्करोगात अफ्लाटॉक्सिनची ओळख मानला जाणारा टीपी५३ या जनुकाच्या २४९व्या कोडॉनमधला (तीन अक्षरांच्या गटातला) जी ते टी बदल केंद्रकातला आहे. एकाच डीएनएच्या आकड्यावर कर्करोगाचं कारण ठरवणं आम्हाला मान्य नाही.

इजा मोजायला मानवी पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा ८.९ हजार आणि केंद्रकातल्या बीटा-ग्लोबिन जनुकाचा १३.५ हजार जोड्यांचा तुकडा पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवतात, प्रत्येकी १५ नॅनोग्रॅम डीएनएवर. २२१ जोड्यांचा छोटा तुकडा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या प्रतिसंख्येसाठी. इजेच्या जागी प्रत काढणं अडतं, म्हणून मोठ्या तुकड्याचं उत्पादन नियंत्रणाच्या (रसायन न दिलेल्या नमुन्याच्या) निम्मं आलं, तर दर तुकड्यामागे ०.६९ इजा; ८.९ हजारांच्या तुकड्यात तेच दर १० हजार जोड्यांमागे ०.७८. निम्मा डीएनए घातलेली नळी प्रत्येक वेळी लावावी. तिचं उत्पादन ४० ते ६० टक्क्यांत नसेल तर पीसीआरच्या चक्रांची संख्या चुकली आहे.

नुसती प्रतिसंख्या हवी असेल तर हा खर्च नको, साधा सिलिका स्तंभ पुरतो.