गुरूचे चंद्र: बायनॉक्युलर की टेलिस्कोप?

गुरुत्वाकर्षण पुस्तकाबाहेर, गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत बघायचं म्हणून नाशिकरोडची माझी भाची १० बाय ५० बायनॉक्युलर (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) आणि ७० मिलिमीटर भिंगाचा टेलिस्कोप यांत अडकली आहे.

किंमतीत बायनॉक्युलर सहसा परवडते. मेहनतही कमी, गळ्यात अडकवून गंगापूर धरणाकडे निघायचं. टेलिस्कोपची जुळवाजुळव वेळ खाते.

पण दिसतं काय? हातातली बायनॉक्युलर थरथरते, गुरूला खेटलेला त्याचा चंद्र आयो गुरूच्या उजेडात हरवतो. टेलिस्कोपमध्ये तो बहुतेकदा सुटा दिसतो. आयोची फेरी सुमारे ४२ तासांची, दूरच्या कॅलिस्टो या चंद्राची जवळपास १७ दिवसांची. या फेऱ्या आणि अंतरांवरूनच गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट निघतं! मला हे फार मोलाचं वाटतं.

पावसाळ्यात दोन्हींची भिंगं कोरडी ठेवा.

रोज वहीत नोंदी करायच्या तर टेलिस्कोप घ्यावा. भटकंती आणि गुरुत्वाने बांधलेला कृत्तिकांचा तारकापुंज बघायचा, तर बायनॉक्युलर.