भिशी लावायची की बचत गट काढायचा?

आळीतल्या दहा-बाराजणी जमल्या की हा प्रश्न निघतोच. मी दोन्हींत राहिले आहे, गटाची तीन वर्षं सचिव होते.

भिशी सोपी. बाराजणींनी महिना 500 रुपये काढले की 6,000 जमतात. डब्यातून चिठ्ठी निघते, जिला भिशी लागेल ती सगळी रक्कम उचलते. वर्षाअखेर प्रत्येकीला भरले तेवढेच मिळतात, व्याज नाही, पण एकरकमी मिळतात. कुणाचा मिक्सर येतो, कुणाच्या पोराची फी भागते. बँकेची पायरी चढायला नको. धोका एकच, पण जीव घेणारा. आमच्याकडे एकीने दुसऱ्याच महिन्यात रक्कम उचलली आणि पाचव्यापासून ती फिरकलीच नाही. भिशी चालवणारीने कानातलं गहाण ठेवून बाकीच्यांचे पैसे पुरे केले. म्हणून जिच्या घरी आपलं रोजचं येणंजाणं आहे, तिलाच घ्या. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जी सगळ्यांत कमी रक्कम घ्यायला तयार होते तिला ती मिळते अशा भिशीत, नवख्यांनी पडूच नये.

बचत गटात 10 ते 20 जणी असतात आणि पैसा दर महिन्याला वाटून संपत नाही, साठत जातो. बाराजणींचे दरमहा 200 धरले तरी सहा महिन्यांत 14,400 होतात. त्यातूनच गरजेला कर्ज द्यायचं. आमचा दर महिन्याला शेकडा दोन रुपये होता; 5,000 घेणारीने पहिल्या महिन्याला 100 रुपये व्याज भरलं, आणि ते गटातच राहिलं. सावकाराच्या दारात गेलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून साधारण सहा महिने नीट चाललेल्या गटाला बँकेचं कर्जही मिळू शकतं. खेड्यात ‘उमेद’ या सरकारी अभियानाच्या किंवा ‘माविम’च्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) ताई यात मदत करतात.

पण गट कष्ट मागतो. ठरल्या दिवशी बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब: ही पंचसूत्री पाठ सगळ्यांची असते, अडतं हिशेबाशी. मी प्रत्येक बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या एक आजी दर वेळी म्हणायच्या, “माझे दोनशे सांग.” एकदा मी त्यांचे पैसे खालच्या ओळीत, दुसरीच्या नावावर मांडले होते. चूक त्यांनीच पकडली. त्या दिवसापासून कुणी वहीवर शंका घेतली नाही.

वर्षातून एकदा रक्कम हवी आणि माणसं खात्रीची असतील, तर भिशी लावा. शेळी, शिलाई मशीन किंवा अचानक आलेलं दवाखान्याचं बिल यांसाठी हात पसरायचा नसेल, तर माझं मत गटाला. मात्र अध्यक्षपद आणि वही एकीकडेच देऊ नका. खातं दोघींच्या सहीने चालेल असं ठेवा, आणि पहिल्या बैठकीपासून दुसऱ्या एका मुलीला शेजारी बसवून जमाखर्च लिहायला शिकवा.