रात्री अडीचला फोन करून बघा : घरी येणाऱ्या हॉस्पिस सेवेचे ४१ दिवस

मी एकतीस वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम केलं. आमच्या धंद्यात कंपनीचं माहितीपत्रक कुणी वाचत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की फोन केल्यापासून माणूस किती वेळात दारात उभा राहतो, तेवढंच बघतात. ताईसाठी हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळात त्रास कमी ठेवणारी सेवा, शोधायची वेळ आली तेव्हा मला दुसरी परीक्षा माहीत नव्हती, म्हणून हीच घेतली. दोन संस्थांचे नंबर हातात होते आणि दोघांच्याही पत्रकावर ठळक अक्षरांत '२४ तास सेवा' होतं. मी रात्री अडीचला दोन्हीकडे फोन लावला.

पहिल्या ठिकाणी एका मुलाने उचलला. नाव, पत्ता, आजार सगळं नीट लिहून घेतलं आणि म्हणाला, सकाळी नऊनंतर तुम्हाला फोन येईल. मी विचारलं, पेशंटला आत्ता दुखत असेल तर? "मग हॉस्पिटलला न्या." दुसरीकडे चौथ्या रिंगला एका सिस्टरने उचलला. आवाज झोपेतला होता, पण पहिलाच प्रश्न : "कुठे दुखतंय, आणि शेवटचं औषध किती वाजता दिलंत?" मला लाज वाटली. अजून नाव नोंदवलेलं नाही, नुसतं बघत होतो, असं खरं सांगून टाकलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंत काका. पण आता झोपा, उद्या दिवसा बोलू."

हा रिव्ह्यू त्या दुसऱ्या संस्थेचा. नाव देत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि ती मी त्यांच्याकडे लेखी केली आहे. तिचा निकाल लागायच्या आधी चव्हाट्यावर नाव घेणं मला बरं वाटत नाही. पण कुठलीही अशी सेवा घेताना काय बघायचं, ते यातून कळेल.

ताई एकाहत्तर वर्षांची, निवृत्त गणिताची शिक्षिका. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात आणि मणक्यात पसरलेला. केमोचा आता फायदा नाही, त्रासच होईल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आणखी तीन आठवडे आम्ही 'बघू, बघू' करण्यात घालवले. ते तीन आठवडे मला अजून टोचतात. बोस्टनमधल्या एका अभ्यासाबद्दल मी नंतर वाचलं. २०१० साली प्रसिद्ध झालेला, फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांच्या जोडीने पॅलिएटिव्ह टीमची, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्यांची, सोबत मिळाली, ते त्रास कमी होऊन तर जगलेच, पण जास्तही जगले : त्यांतले निम्मे ११.६ महिन्यांपर्यंत तरी, इतरांतले निम्मे ८.९. आजार वेगळा, परिस्थितीही वेगळी, त्यामुळे ताईला तो आकडा लावता येत नाही. पण 'हॉस्पिसवाल्यांना बोलावलं म्हणजे आशा सोडली' हे जे आमच्या घरात चाललं होतं, त्याला काही अर्थ नव्हता.

पहिली भेट एक तास चाळीस मिनिटांची. माझ्याकडे वही आहे, त्यात सगळ्या वेळा आहेत. सवय सुटत नाही. डॉक्टर आणि सिस्टर दोघी आल्या, आणि पहिला अर्धा तास कुणी बीपीचं मशीन काढलं नाही. ताईला विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मला वाटलं, दुखण्याची म्हणेल, किंवा दुसरं काही, जे आम्ही घरात बोलत नव्हतो. ताई म्हणाली, "अंगाला वास येईल याची." चाळीस वर्षं कडक साडी नेसून वर्गात उभी राहिलेली बाई. सिस्टरने ते वाक्य जसंच्या तसं फाइलमध्ये लिहिलं. पुढच्या ४१ दिवसांत तोंडाची स्वच्छता, अंग पुसणं, चादर बदलणं यांत एकदाही आळस झाला नाही, आणि त्याचं कारण ते वाक्य होतं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून छोटी. सिस्टर तिला 'आजी' म्हणाल्या. ताई म्हणाली, "मी कुणाची आजी नाही. बाई म्हणा." हेही लिहून घेतलं. त्यानंतर आलेला प्रत्येक माणूस, बदली आलेली अटेंडंटसुद्धा, दारातून 'बाई' म्हणतच आत आला. फाइल वाचली जाते की नुसती भरली जाते, हे मला तिथे कळलं. (पुढे एका रविवारी ती वाचली गेली नाही. त्याचं सांगतोच.)

मग त्रास मोजायचा तक्ता आला. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९१ साली तयार झालेला, बऱ्याच ठिकाणी वापरतात. वेदना, थकवा, मळमळ, धाप, भूक, चिंता, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. ताईने चष्मा लावला. "सहा म्हणजे कशाचे सहा? एकक काय?" डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, कालची रात्र दहा धरा. मग आत्ता किती?" ताईने विचार केला आणि म्हणाली, "साडेसहा." तिथून पुढे त्या दोघींचं जमलं.

मॉर्फिनबद्दल आमच्या घरात ज्या समजुती होत्या त्या तुमच्याही घरात असतील : सवय लागते, एकदा दिलं की संपलं, ते शेवटचं औषध. डॉक्टरांनी मला आणि भाच्याला स्वयंपाकघरात उभं करून समजावलं. दुखण्याच्या मापाने डोस हळूहळू वाढवला तर मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून जोडीला हवं. तुमच्याकडे येणाऱ्या टीमने मॉर्फिन लिहिलं आणि हे लिहिलं नाही, तर सरळ विचारा. त्यावरून बरंच कळतं.

सुरुवात दर चार तासांनी १० मिलिग्रॅम, तोंडाने. दिवसाचे ६०. शिवाय मधेच कळ आली तर वरचा एक १० चा डोस, आणि तो किती वेळा लागला याची नोंद. हॉस्पिटलच्या कागदावर 'दुखल्यास देणे' होतं. इथे घड्याळाप्रमाणे, दुखो वा न दुखो, रात्री दोनचाही. हे घड्याळ सिसिली सॉन्डर्स यांनी लावून धरलं. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. दुखणं परत येईपर्यंत थांबायचं नाही, ते यायच्या आधी पुढचा डोस पोटात गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लिफ्टच्या माणसाला हे पटवावं लागत नाही. ब्रेक निकामी झाल्यावर सर्व्हिसिंग करत नाहीत.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी एक बंद डबा आणून ठेवला. वर मोठ्या अक्षरांत : घशात घरघर, उलटी, अस्वस्थपणा, धाप. प्रत्येक शब्दाखाली कुठलं औषध, किती, आणि देण्याआधी कुणाला फोन करायचा ते. ताई तेव्हा उशीला टेकून शब्दकोडं सोडवत होती. मला तो डबा बघवेना. कपाटात मागे सरकवला. सिस्टरने पुढच्या भेटीत तो काढून पुन्हा पुढे ठेवला. "शोधायला लागू नये काका, रात्री हात थरथरतात."

एकोणतिसाव्या रात्री थरथरले. वहीतली नोंद : २.१० ताईला धाप, उठून बसली. २.१२ फोन. २.१३ सिस्टर फोनवर, चार मिनिटं बोलल्या. पंखा चेहऱ्यावर घ्या, खिडकी उघडा, पाठीला उशा, मॉर्फिनचा अमुक थेंब. २.५२ दारात. मी ऑक्सिजन, ऑक्सिजन करत होतो. त्यांनी ताईच्या बोटाला क्लिप लावून आकडा दाखवला : ९४. ऑक्सिजन कमी पडलेला नाही, श्वासाची घुसमट आहे, आणि गालावरून वाहणाऱ्या वाऱ्यानेच ती कमी होते. झालीही. चाळीस मिनिटं मला जास्त वाटली होती, पण फोनवरच्या त्या चार मिनिटांत निम्मं काम झालेलं होतं.

बाकी किरकोळ : हवेची गादी मागितल्यापासून तिसऱ्या दिवशी आली, ती पहिल्याच दिवशी हवी होती, मणक्याचा पेशंट आहे हे त्यांना माहीत होतं. अटेंडंट तीन बदलल्या. दोघी चांगल्या. एकीला दर दोन तासांनी कूस बदलायची आठवण मला करून द्यावी लागे.

आता रविवार. अडतिसावा दिवस. चौतिसाव्या दिवसापासून ताईला गिळता येत नव्हतं, म्हणून दंडात कातडीखाली बारीक सुई ठेवून छोट्या सिरिंज पंपाने औषध सुरू होतं. तोंडाच्या ६० च्या जागी कातडीखालून ३०, चोवीस तासांत. शुक्रवारी दुखणं वाढलं म्हणून डॉक्टरांनी ते ४५ केलं. रविवारी सुट्टीच्या पाळीची सिस्टर आली, नवीन. अकरा वाजता सिरिंज बदलून गेली. दुपारी ताई कण्हायला लागली. बोलत नव्हती, नुसती भुवई आकसायची आणि चादर मुठीत धरायची. तीन वाजता मी पंपावरची चिठ्ठी वाचली. ३०.

फोन केला. सुट्टीच्या पाळीचं उत्तर : "माझ्या कागदावर तीसच आहे." शुक्रवारचा बदल डॉक्टरांच्या नोंदीत होता, घरातल्या फाइलीत होता, सुट्टीच्या पाळीला पाठवलेल्या यादीत नव्हता. आणि घरातली फाइल तिने उघडली नाही. चार-चाळीसला आमच्या नेहमीच्या सिस्टर स्वतःची सुट्टी सोडून आल्या, वरचा डोस दिला, सिरिंज बदलली. ताईची मूठ सुटायला सहा वाजून गेले. त्या सिस्टरनी माफी मागितली. चूक त्यांची नव्हती. सोमवारी पर्यवेक्षकांचा फोन आला आणि ते म्हणाले, थोडी कम्युनिकेशन गॅप झाली. हा शब्द मी स्वतः पुष्कळ रिपोर्टांत लिहिलाय. त्याचा अर्थ, जे लिहायचं ते कुणीतरी लिहिलं नाही आणि त्याचं नाव सांगायचं नाही.

त्यामुळे सेवा निवडताना रात्रीच्या फोनइतकाच हा प्रश्न विचारा : शनिवार-रविवारी कोण येतं, आणि शुक्रवारचा बदल त्यांच्यापर्यंत कसा पोचतो? मी विचारला नव्हता.

शेवटचे तीन दिवस त्यांनी आधी सांगितलं तसेच गेले. भाच्याने सलाइनचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं की शरीराला आता पाणी वापरता येत नाही, ते पायांत आणि छातीत साठतं. तू तिचे ओठ ओले ठेव. त्याला ते काम मिळालं आणि त्याने ते कुणाला करू दिलं नाही. श्वास वेगाने चालेल, मंद होईल, थांबेल, पुन्हा सुरू होईल, हेही सांगून ठेवलेलं. या श्वासाला दोन डॉक्टरांची नावं आहेत, चेन आणि स्टोक्स, पहिली नोंद होऊन दोनशे वर्षं उलटून गेली. मी एक खंड मोजला, २२ सेकंद. आधी सांगितलं नसतं तर भाच्याने त्या बावीस सेकंदांत ॲम्ब्युलन्स बोलावली असती. घशातल्या घरघरीबद्दलही सिस्टर म्हणाल्या होत्या, "हा आवाज तुम्हाला सोसणार नाही, त्यांना त्याचा त्रास होत नाही." कुशीवर वळवलं, डब्यातलं इंजेक्शन दिलं, आवाज पुष्कळ उतरला.

ताई बुधवारी पहाटे ५.२० ला गेली. सिस्टर ६.०५ ला आल्या. कसलीही घाई नव्हती. सुई काढताना, अंग पुसताना, "बाई, कुशीवर वळवते हं," असं म्हणतच त्या वळवत होत्या. मग उरलेल्या मॉर्फिनच्या कुप्या माझ्यासमोर मोजल्या, सात, दोघांच्या सह्या घेतल्या आणि सोबत नेल्या. भाचा त्या मोजणीवर चिडला. मला ती आवडली. ताईलाही आवडली असती.

तीन आठवड्यांनी त्यांच्या समुपदेशकाचा फोन आला, झोप लागते का विचारायला. लागत नव्हती, दोनचा डोस द्यायला जाग यायची. त्या म्हणाल्या, बऱ्याच जणांना येते. एवढंच, पण बरं वाटलं.

पाचपैकी चार तारे. एक रविवारचा.

गेल्या महिन्यात त्यांचा छापील फॉर्म आला. 'रुग्णाच्या वेदना किती आटोक्यात होत्या? शून्य ते दहा.' मी ४१ दिवसांपैकी ४० दिवसांचे नऊ लिहिले, आणि अडतिसाव्या दिवसाचं फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावर, वहीतल्या वेळांसकट. पोच मिळाली आहे. सुट्टीच्या पाळीची यादी आता कोण भरतं, हे मी त्यात विचारलंय. त्याचं उत्तर आलेलं नाही.